सेन्सर म्हणाला ११५, प्रोसेसर म्हणाला ७२ : उद्यमनगरातल्या एका मंदावलेल्या मशीनचं प्रकरण

फोनवर आण्णांनी त्यांच्या कॉम्प्युटरची तक्रार एका वाक्यात सांगितली होती. "सकाळी घोड्यागत पळतंय आणि दुपारी दोननंतर म्हशीगत बसतंय." दुरुस्तीच्या धंद्यात इतकी नेमकी तक्रार सहसा मिळत नाही. 'हँग होतंय', 'स्लो झालंय', 'बघा की जरा' यापलीकडं गिऱ्हाईक जात नाही. आण्णांनी वेळेसकट सांगितलं, आणि मी मात्र कोल्हापुरात राजारामपुरीतलं माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान उघडायच्या आधी काम उरकावं म्हणून सकाळी साडेनऊलाच उद्यमनगरात पोचलो. एक फेरी तिथंच वाया गेली.

प्रकरण एप्रिल २०२५ चं आहे. जोतिबाची चैत्र यात्रा नुकतीच आटोपली होती, ऊन चढायला लागलं होतं. आण्णांचं पॅटर्न शॉप (साच्यांचे नमुने बनवायची जागा) उद्यमनगरात आणि फौंड्री शिरोलीत. पॅटर्न शॉपच्या माळ्यावर एक केबिन आहे, डोक्यावर पत्रा. तिथल्या एकाच दणकट मशीनवर कास्टिंगचं सिम्युलेशन चालतं. रस ओतल्यावर साच्यातला कुठला भाग आधी गोठेल, रायझर (जादा रस साठवणारी जागा) कुठं आणि केवढा द्यायचा, श्रिंकेज (धातू आक्रसून पडणारी पोकळी) कुठं पडेल, हे लोखंड न वितळवता बघायचं काम. सिम्युलेशन बघणाऱ्या ताई प्रत्येक रनची वेळ वहीत लिहितात. त्या वहीप्रमाणं एका पंप बॉडीचं गणित सकाळी ५२ मिनिटांत संपलं होतं, आणि तीच फाईल दुपारी चालवली तेव्हा २ तास ४० मिनिटं लागली होती.

मशीन असं : इंटेल आय७-१०७०० प्रोसेसर, ८ कोअर, १६ थ्रेड. कंपनीनं लिहिलेला मूळ वेग २.९ गिगाहर्ट्झ, मोकळं सोडलं तर सगळे कोअर मिळून ४.६ पर्यंत जातात. मदरबोर्ड एच४१० चिपसेटचा, म्हणजे त्या पिढीतला सगळ्यांत स्वस्त वर्ग. प्रोसेसर ट्रॅक्टरचा, चाकं बैलगाडीची. असं जुळवलेलं मशीन कोल्हापुरात दर दुसऱ्या ऑफिसात सापडतं, कारण कोटेशनमध्ये प्रोसेसरचं नाव ठळक असतं आणि बोर्डाचं बारीक. विंडोज १०.

आधी काय काय झालं होतं

हे विचारल्याशिवाय मी हल्ली कॅबिनेट उघडत नाही. जानेवारीत कुणीतरी मशीनवर तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं. त्यात एका ओळीत ११५ अंश दिसत होतं, लाल रंगात. घाबरून आण्णांनी ६,५०० रुपयांचा लिक्विड कूलर बसवून घेतला. त्यानंतर सगळं बरं चाललं. मार्चमध्ये मशीन मंदावायला लागलं, तेव्हा दुसऱ्या एका तंत्रज्ञानं ४,२०० ची एसएसडी, ३,४०० ची रॅम आणि ८०० रुपयांत जुनं सगळं जसंच्या तसं एसएसडीवर उतरवणं असा इलाज केला. फरक शून्य. एकूण १४,९०० रुपये गेले आणि दुपारची म्हैस तशीच बसलेली.

एक गोष्ट त्या दिवशी माझ्या कानावरून गेली. ताई म्हणाल्या होत्या, "आधी लई घों घों करायचं. रंगपंचमीच्या सुमाराला आवाज बंद झाला, मी म्हटलो, बरं झालं." मी हसून पुढं गेलो. सगळं उत्तर त्या वाक्यात होतं.

पहिल्या फेरीत मी दहा मिनिटं प्रोसेसरवर पूर्ण भार टाकला. वेग ४.६, तापमान ६५-६६, कुठं काही नाही. कूलरचा पंप चालू, पेस्ट ठीक. 'मशीन उत्तम आहे, तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला विचारा' असं सांगून व्हिजिटचे ३०० रुपये घेतले. आण्णांनी दिले, काही बोलले नाहीत. ते न बोलणंच जास्त लागलं.

दुपारची फेरी

दोन दिवसांनी अडीच वाजता गेलो. ताईंच्या टेबलावरच्या घड्याळात खोलीचं तापमान ४० दाखवत होतं. पंप बॉडीचा रन सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती. टास्क मॅनेजर उघडला, तर सीपीयूचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा. थोडा वेळ १००, मग धाडकन २७-२८, पुन्हा १००, पुन्हा २७.

हा आलेख बघून कुणीही म्हणेल की प्रोसेसर अधूनमधून रिकामा बसतोय. रिकामा बसतोय म्हणजे त्याला माल मिळत नाही. माल मिळत नाही म्हणजे डिस्क हळू आहे किंवा रॅम कमी पडतेय. एसएसडी आणि रॅम विकणाऱ्या माणसानं फसवलं नव्हतं. समोर दिसलं त्याचा सरळ अर्थ त्यानं लावला होता. मीसुद्धा डिस्कचा आलेख बघायलाच वळलो होतो. डिस्क १ टक्क्यावर, रॅम अर्धी मोकळी. मग प्रोसेसर थांबतोय कशासाठी?

तेवढ्यात ताई म्हणाल्या, "सर, हितं २७ दाखवालंय आणि तिकडच्या पानावर ९८ दाखवालंय. कुठलं खरं धरायचं?"

'तिकडचं पान' म्हणजे टास्क मॅनेजरमधलं डिटेल्स. तिथं सिम्युलेशनची प्रोसेस ९८-९९ वर अखंड, हलत नव्हती. एकच प्रोग्राम, एकच सेकंद, दोन आकडे. आणि दोन्ही खरे.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण या एका घोळामुळं कितीतरी लोकांनी विनाकारण एसएसडी घेतल्या असतील. विंडोज ८ पासून टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावरचा सीपीयूचा टक्का म्हणजे 'प्रोसेसर किती वेळ कामात होता' हे नव्हे. ते 'मूळ वेगाच्या मानानं किती काम उरकलं' याचं माप आहे. विंडोजच्या भाषेत प्रोसेसर युटिलिटी. डिटेल्सचं पान मात्र जुन्याच पद्धतीनं वेळ मोजतं, त्याला प्रोसेसर टाइम म्हणतात. गडी आठ तास राबला, पण हातात कुदळीऐवजी चमचा होता. एक पान म्हणतं आठ तास हजेरी, दुसरं म्हणतं खड्डा दोन तासांचाच झालाय. आता गणित करा. मूळ वेग २.९. प्रोसेसर पूर्ण भरलेला आहे, पण ०.८ गिगाहर्ट्झनं चाललाय. ०.८ भागिले २.९ म्हणजे २७.६ टक्के. आलेखातला २७ बरोबर तिथून आला होता. ४.६ वर चालताना हा टक्का दीडशेच्या पुढं जातो, पण टास्क मॅनेजर तो १०० वर कापून दाखवतो. (विंडोज ११ मध्ये २०२५ साली हे गणित बदलून सगळीकडं वेळेचंच माप आलं, आणि युटिलिटी हवी असेल तर वेगळा रकाना उघडावा लागतो. हे मशीन १० वर असल्यानं जुनाच हिशेब.)

म्हणजे प्रोसेसर रिकामा बसत नव्हता. कुणीतरी त्याचा गळा धरत होतं.

विंडोजच्याच परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये 'प्रोसेसर टाइम' (किती वेळ कामात) आणि 'प्रोसेसर परफॉर्मन्स' (मूळ वेगाच्या मानानं किती वेग) हे दोन काउंटर शेजारी शेजारी लावले. पहिला १०० वर सरळ रेषा, दुसरा वर-खाली. खात्री झाली. खाली जाताना वेग नेमका ०.७९-०.८० वर थांबत होता. हा आकडा ओळखीचा आहे. इंटेलच्या या प्रोसेसरचा सगळ्यांत खालचा गुणक ८, बस १०० मेगाहर्ट्झ, म्हणून ८००. त्याखाली उतरायला पायरीच नाही. नुसता गरम झालेला प्रोसेसर पायरी पायरीनं वेग कमी करतो : ४.६, ४.४, ४.१. एकदम तळाला उडी मारतोय म्हणजे बाहेरून कुणीतरी ओढतंय.

तीन पहारेकरी, एकच दार

बाहेरून कोण ओढतंय हे बघायला सेन्सरचे आकडे नीट मिळायला हवेत, आणि ते मिळेनात. मशीनवर आधीच तीन प्रोग्राम बसलेले : एक बोर्ड बनवणाऱ्या कंपनीचा, एक लिक्विड कूलरसोबत आलेला, एक फॅन नियंत्रित करणारा मोफत प्रोग्राम. त्यात माझं एचडब्ल्यूइन्फो, हेही सेन्सरचे आकडे वाचणारं सॉफ्टवेअर. कॅबिनेटच्या मागच्या फॅनचे मिनिटाचे फेरे एका क्षणी ६००, पुढच्या क्षणी ०, मग अकरा हजार. अकरा हजार फेऱ्यांनी फिरला तर तो फॅन पत्रा फाडून बिंदू चौकापर्यंत जाईल.

बोर्डावर सुपर आय-ओ नावाची एक चिप असते. फॅनचे फेरे, व्होल्टेज, बोर्डावरची तापमानं ती मोजते. तिच्या आत मापांचे कप्पे आहेत आणि वाचायची पद्धत जुनी : आधी सांगायचं 'कप्पा ४ उघड', मग त्यातला आकडा उचलायचा. एका प्रोग्रामनं कप्पा ४ उघडायला सांगितलं आणि उचलायच्या आत दुसऱ्यानं कप्पा १ उघडला, तर पहिल्याच्या हातात भलताच आकडा येतो. शहाणे प्रोग्राम यासाठी आपापसात एक सामाईक कुलूप वापरतात. काही कंपन्यांचे प्रोग्राम वापरत नाहीत. म्हणून निदान करताना एका वेळी सेन्सर वाचणारा एकच प्रोग्राम, हा माझा नियम. उरलेले तिन्ही बंद केले, मशीन पुन्हा सुरू केलं, आकडे शांत झाले.

एक आकडा मात्र शांत होऊनही ११५ च राहिला. 'टेम्परेचर ३ : ११५ अंश'. हाच तो, ज्याच्यासाठी साडेसहा हजार गेले होते. ही ओळ खरी की खोटी ते ठरवायची पद्धत कुणालाही जमेल अशी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी शॉप उघडल्याबरोबर ताईंना मशीन सुरू करून पहिल्याच मिनिटाचा आकडा फोनवर सांगायला सांगितला. रात्रभर बंद असलेलं, हाताला गार लागणारं मशीन, आणि आकडा ११५. भार टाकला तरी ११५, काढला तरी ११५. धातू असा वागत नाही. चिपला चार-पाच तापमानांच्या वायरी जोडायची सोय असते. स्वस्त बोर्डावर त्यातल्या एक-दोनच जोडतात. उरलेल्या पायांवर काहीतरी तरंगतं व्होल्टेज असतं, प्रोग्राम त्याचं इमानदारीनं अंशात रूपांतर करून दाखवतो. रस्त्यावर नसलेल्या घराला नंबर देण्यातला प्रकार.

तसाच १२ व्होल्टचा आकडा. आण्णांचा पहिल्यापासून संशय लाईटवर होता, आणि सॉफ्टवेअर १२ च्या जागी १०.१ दाखवत होतं. मल्टिमीटर लावला : १२.०८. बोर्ड १२ व्होल्ट भागून लहान करून चिपकडं देतो, आणि कितीनं भागलंय ते प्रोग्रामला माहीत नव्हतं, एवढंच.

मग खरं कोण बोलतंय? प्रोसेसरच्या आतले सेन्सर. ते सुपर आय-ओच्या वाटेनं येत नाहीत, प्रोसेसरच स्वतः सांगतो, 'माझ्या मर्यादेपासून मी इतके अंश खाली आहे'. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश. भर दुपारी तो ७२ च्या वर एकदाही गेला नाही.

लॉगमध्ये काय निघालं

दर दोन सेकंदांनी नोंद करायला लावून पूर्ण रनचा लॉग घेतला आणि घरी जाऊन निवांत वाचला. तापमानाच्या रकान्यांत काही नव्हतंच. एचडब्ल्यूइन्फोमध्ये खाली एक भाग असतो, तिकडं फारसं कुणी जात नाही : वेग कशामुळं अडला त्याची कारणं, प्रत्येकापुढं होय किंवा नाही. 'कोअर थर्मल थ्रॉटलिंग' (प्रोसेसर स्वतः तापून मंद होणं) : सगळीकडं नाही. 'पॉवर लिमिट' : नाही. 'प्रोचॉट' : जिथं जिथं वेग ०.८ वर पडला, तिथं तिथं होय.

प्रोचॉट ही प्रोसेसरची एक पिन, म्हणजे इशारा देणारी ओळ (सिग्नल लाईन) आहे. प्रोसेसर स्वतः फार तापला की तो ही ओळ ओढून बाहेरच्यांना सांगतो. पण ती दुतर्फा आहे. बाहेरचा कुणी तापला तर तोही हीच ओळ ओढून प्रोसेसरला म्हणतो, 'थांब'. आणि प्रोसेसर कारण न विचारता तळाला जातो. थर्मल थ्रॉटलिंग 'नाही' आणि प्रोचॉट 'होय', या जोडीचा अर्थ एकच : ओरडणारा बाहेरचा आहे.

लॉगमधून आणखी एक हिशेब जुळला. साधारण २८ सेकंदांचं चक्र होतं, त्यात ५ सेकंद ४.६ आणि २३ सेकंद ०.८. सरासरी काढली तर दीड गिगाहर्ट्झच्या आसपास येते. ५२ मिनिटांचं काम ४.६ ऐवजी दीडनं केलं तर १६० मिनिटं लागतात. १६० मिनिटं म्हणजे २ तास ४० मिनिटं. ताईंच्या वहीतला आकडा मिनिटाला मिनिट उतरला तेव्हा मी बायकोला उठवून सांगितलं. तिनं कूस बदलली.

बाहेरचा कोण

तो ओरडणारा म्हणजे बोर्डावरचं व्हीआरएम, प्रोसेसरसाठी व्होल्टेज उतरवणारा भाग. एसएमपीएसकडून (कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायकडून) १२ व्होल्ट येतात, प्रोसेसरला लागतात १.२ च्या आसपास. हे उतरवायचं काम प्रोसेसरच्या शेजारचे छोटे काळे चौकोनी मॉसफेट आणि कॉइल करतात. आण्णांना मी आकडा सांगितला तेव्हा त्यांना पटेना. पूर्ण भाराला हा प्रोसेसर १२५ वॅट घेत होता. १.२ व्होल्टला १२५ वॅट म्हणजे जवळजवळ १०० अँपिअर.

"शंभर अँपिअर? आमचं वेल्डिंग शंभरवर चालतंय की!"

व्होल्ट कमी आहेत म्हणून ठिणगी उडत नाही, पण अँपिअर तेवढेच. आणि उतरवताना पंधरा-वीस टक्के उष्णतेत जातात, म्हणजे वीस-पंचवीस वॅट. २५ वॅटची सोल्डरिंग गन हातात धरून बघितलेल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. या बोर्डावर त्या मॉसफेटवर ॲल्युमिनियमचा एक तुकडासुद्धा नव्हता. तापमानाचा सेन्सर होता, पण त्याची वायर व्हीआरएमच्या कंट्रोलरपुरती. तो कंट्रोलर ठरावीक उष्णतेला प्रोचॉटची ओळ ओढतो. आकडा मात्र कुणाला सांगत नाही. मशीनमधला सगळ्यांत तापलेला भाग कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये दिसणार नव्हता, आणि जो दिसत होता तो अस्तित्वातच नव्हता.

मल्टिमीटरसोबतचा थर्मोकपल (तापमान मोजणारी वायर) एका मॉसफेटवर उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपनं चिकटवला. आण्णा फौंड्रीतली लेझरवाली तापमानाची गन घेऊन आले होते. काळ्या प्लॅस्टिकवर तिनंही जवळपास तेच दाखवलं, चकचकीत भागावर धरल्यावर मात्र ५५. "चकाकीवर ती खोटं बोलती, आमच्यातबी तसंच," आण्णांनी स्वतःच सांगितलं. थर्मोकपल चढत चढत १११-११२ वर गेला की वेग पडायचा, ९० च्या घरात उतरला की पुन्हा चढायचा. मग कॅबिनेटची बाजू काढून खालच्या कामगारांचा टेबल फॅन त्या जागेवर रोखला. एका मिनिटात प्रोचॉटचं 'होय' गेलं, ते पुन्हा आलं नाही. ऐन दुपारी, ४० अंशांत, तोच रन ५३ मिनिटांत संपला.

मग मार्चपर्यंत बरं कसं चाललं?

मला स्वतःला या प्रकरणातला हा भाग सगळ्यांत आवडतो. प्रोसेसरसोबत आलेला मूळ कूलर साधा होता, वरून खाली वारा मारणारा. त्याचा वारा प्रोसेसरवरून सांडून आजूबाजूच्या मॉसफेटवर पडायचा. लिक्विड कूलरनं प्रोसेसरची उष्णता नळीतून पुढच्या बाजूच्या रेडिएटरवर नेली. मॉसफेटवरचा वारा बंद झाला, शिवाय रेडिएटरमधून आलेली गरम हवा कॅबिनेटमध्येच शिरू लागली. वर बसवणाऱ्यानं बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) दीर्घ मुदतीची पॉवर मर्यादा ६५ वॅटवरून ४०९५ वर नेली, म्हणजे मर्यादाच काढली. 'आता थंड राहतंय तर पळू दे की.' वारा काढून घेतला आणि भार दुप्पट केला.

तरी जानेवारी ते मार्च मशीन चाललं, त्याचं श्रेय एका चुकीला. फॅन नियंत्रित करणाऱ्या प्रोग्रामचं प्रोफाइल उघडून बघितलं, तर मागचा फॅन 'टेम्परेचर ३' ला बांधलेला. त्या खोट्या ११५ ला! सर्वांत तापलेला सेन्सर म्हणून त्यानं तोच निवडला होता. ११५ बघून फॅन सतत पूर्ण वेगानं, १४०० फेऱ्यांनी घोंघावत होता आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना मॉसफेट थंड ठेवत होता.

आणि मार्च २०२५ मध्ये तो प्रोग्राम आंधळा झाला. असे कितीतरी मोफत प्रोग्राम तेव्हा हार्डवेअरपर्यंत पोचायला विनरिंग-झिरो नावाचा एक जुना ड्रायव्हर वापरायचे. त्यातून कुठलाही साधा प्रोग्राम थेट कर्नलपर्यंत, म्हणजे विंडोजच्या गाभ्यापर्यंत, हात घालू शकतो. ही त्रुटी २०२० पासून नोंदलेली आहे. त्या मार्चमध्ये विंडोजच्या डिफेंडरनं हा ड्रायव्हर धोकादायक म्हणून उचलून बाजूला ठेवायला सुरुवात केली. डिफेंडरचं त्यात चुकलं असं मी म्हणणार नाही, तो दरवाजा खरोखरच उघडा होता. पण इथं परिणाम असा की प्रोग्राम रोज सुरू होत राहिला, चिन्ह घड्याळाशेजारी दिसत राहिलं, हातात मात्र एकही सेन्सर नाही, एकही फॅन नाही. विंडोजच्या लॉगमध्ये डिफेंडरची ती नोंद रंगपंचमीच्या आदल्या दिवसाची सापडली. फॅन परत बायोसच्या ताब्यात गेला. बायोस बघतो प्रोसेसरचं तापमान, ते तर निवांत. म्हणून ६०० फेरे. आवाज बंद झाला, सगळ्यांना बरं वाटलं.

मी ताईंची माफी मागितली. "मी पहिल्यांदाच सांगितलो होतो न्हवं," एवढंच म्हणाल्या.

एक मोह आणि इलाज

आण्णांच्या पुतण्यानं मध्येच मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. थ्रॉटलस्टॉप नावाच्या प्रोग्राममध्ये बीडी (म्हणजे दुतर्फा) प्रोचॉटची एक खूण असते, ती काढली की प्रोसेसर बाहेरच्या कुणाचं ऐकत नाही. एक क्लिक, फुकट. तांत्रिकदृष्ट्या ते खरं आहे, आणि लॅपटॉपमध्ये एखादा सेन्सरच मेलेला असेल तर मीही ते कधीकधी केलंय. पण इथं सेन्सर खरं बोलत होता. मी आण्णांना एवढंच विचारलं, "मोटरचा ओव्हरलोड रिले सारखा पडतोय म्हणून त्याला वायर मारून थेट लाईन दिली तर?" त्यांनी पुतण्याचा मोबाईल खाली ठेवायला लावला.

इलाज स्वस्त निघाला. मॉसफेटवर चिकटवायचे ॲल्युमिनियमचे छोटे हीटसिंक, २५० रुपये. ८० मिलिमीटरचा एक फॅन पट्टी वाकवून त्यांच्यावर रोखला, ३५० रुपये. पट्टी खाली पॅटर्न शॉपमध्येच वाकवून मिळाली. मागचा फॅन सॉफ्टवेअरच्या भरवशावर न ठेवता बायोसमध्येच ११०० फेऱ्यांच्या आसपास कायम केला. पुढची जाळी लाकडाच्या भुश्शानं आणि रेझिनच्या धुळीनं भरली होती, ती धुतली. सेन्सर वाचणारे आधीचे तिन्ही प्रोग्राम काढले, माझा एकच ठेवला.

पॉवर मर्यादेवर मात्र आण्णांशी घासाघीस झाली. मी आधी मूळच्या ६५ वॅटवर ठेवून रन घेतला : ६९ मिनिटं, मॉसफेट कोमट. त्यांना ५२ च हवी होती. मग ९० वर ठेवला. वेग ४.१ वर स्थिर, रन ५८ मिनिटं, मॉसफेट ८३ अंश. ९० वरच थांबलो. शेवटच्या सहा मिनिटांसाठी बोर्डाला आणखी ३५ वॅट पाजायला मी तयार नव्हतो. ६५ वॅटवर बांधलेलं मशीन ६९ मिनिटांत काम संपवतं आणि मोकळं सोडलेलं १६० मिनिटांत, हे पुतण्याला दोनदा लिहून दाखवावं लागलं.

माझी मजुरी १,२०० घेतली. पहिल्या फेरीचे ३०० त्यातून वजा केले.

पुढं पंधरा दिवस ताईंनी रोज दुपारच्या रनचा लॉग पाठवला. वेळा ५७ ते ५९ मिनिटं, प्रोचॉट सगळीकडं नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात एका लॉगमध्ये, सव्वाचारच्या सुमारास, तीन वेळा 'होय' आलं. रात्रभर डोकं खाजवलं, सकाळी जाऊन बघितलं. कुणीतरी ड्रॉइंगची मोठी गुंडाळी कॅबिनेटच्या मागच्या फॅनला टेकवून उभी केली होती. ती उचलून कपाटावर ठेवली, चहा घेतला आणि दुकानावर आलो.